वादकाचं नाव

सोलापूर
गड्ड्याच्या यात्रेतला रविवार

चि. सोनूस,


चरणजित सिंगांसाठी एक संकेतस्थळ उभं करायचा तुझा बेत ताईकडून कळला. फोनवर बोललो असतो, पण तू हाती घेते आहेस ते काम नोंदी लिहिण्याचं आहे. म्हणून माझं म्हणणंही लिहूनच पाठवतो. म्हणजे पुढेमागे मलाही ते नाकारता येणार नाही.

आधी आनंद सांगतो. तुझ्या वयाची मुलं डसेलडॉर्फच्या नाहीतर पॅरिसच्या इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या कलाकारांचे चाहते होतात. तू मुंबईच्या एका फिल्मी वादकाची चाहती झालीस. तोही असा माणूस, की ज्याची सर्वांत मोठी रेकॉर्ड निघाली तेव्हा कुणी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट’ हिज मास्टर्स व्हॉइसने काढली १९८२ साली. देशभर डिस्कोचं वारं होतं. ‘कुर्बानी’ येऊन दोन वर्षं झाली होती, त्याच वर्षी ‘डिस्को डान्सर’ही आला. त्या लाटेत या माणसाने सिंगापूरहून आणलेली रोलँड कंपनीची तीन यंत्रं मांडली, तबला बाजूला ठेवला आणि भैरव, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी असे दहा राग वाजवून मोकळा झाला. रेकॉर्ड खपली नाही आणि विसरली गेली. २००२ साली एदो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली. त्याने पुढे मुंबईत खुद्द सिंगांचा माग काढला आणि २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध केली. मग युरोपातले लोक थक्क झाले, कारण ॲसिड हाउसचा जो आवाज शिकागोत १९८७च्या ‘ॲसिड ट्रॅक्स’ या रेकॉर्डपासून सुरू झाला असं ते मानत होते, तो त्याच्या पाच वर्षं आधी मुंबईत वाजून गेला होता.

इथपर्यंतची गोष्ट तुला पाठ असणार. माझं मन अडतं ते पुढच्या भागावर. रेकॉर्ड परत आली तेव्हा अनेकांना ती बनावट वाटली. एफेक्स ट्विन या नावाने वाजवणाऱ्या ब्रिटिश कलाकाराने कुणाची तरी फिरकी घेतली आहे, अशी कुजबुज झाली. चरणजित सिंग तेव्हा मुंबईत हयात होते. साठच्या-सत्तरच्या दशकांतल्या किती तरी हिंदी गाण्यांत त्यांचं गिटार, त्यांचा ट्रान्झिकॉर्ड (विजेवरचं ॲकॉर्डियन) वाजलेला. ‘दम मारो दम’मधला ट्रान्झिकॉर्ड त्यांचाच. पत्नीला, सुपर्णाबाईंना, गायला घेऊन लग्नसमारंभांत त्यांचा वाद्यवृंद वर्षानुवर्षं वाजत होता. तरीही या माणसाने ही रेकॉर्ड खरंच केली का, अशी शंका जगाला घेता आली. का? कारण अठ्ठावीस वर्षांत कुणी साधी टाचणवहीसुद्धा ठेवली नव्हती. कोणतं यंत्र, कोणता स्टुडिओ, कोण ध्वनिमुद्रक, किती प्रती. एखाद्या रसिकाने ही चार ओळींची नोंद करून ठेवली असती, तर ती शंका उभीच राहिली नसती.

म्हणून तुझं काम मला गरजेचं वाटतं. चाहत्याने स्तुती लिहिण्याआधी नोंद लिहावी, एवढंच माझं म्हणणं आहे. बाकीचं पत्र त्याचाच विस्तार समज.

आपल्याकडच्या ध्वनिमुद्रणाची सुरुवात तर नाव सांगण्यानेच झाली. १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात फ्रेड गेसबर्गसमोर गौहरजान गायली आणि गाणं संपताच तिने इंग्रजीत स्वतःचं नाव मोठ्याने उच्चारलं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात, तिथल्या कामगारांना लेबलावर काय लिहायचं हे कळावं म्हणून. गंमत बघ, ज्या काळात यंत्र इतकं प्राथमिक होतं तेव्हा नाव तबकडीतच होतं. आणि पुढे सिनेमाच्या भरभराटीत, शंभर-शंभर वादक एका गाण्यात वाजू लागल्यावर, लेबलावर गायक, संगीतकार आणि गीतकार एवढेच उरले. ॲकॉर्डियन कुणाचं, मेंडोलिन कुणाचं, पहिला मूग सिंथेसायझर कुणी आणला, हे सगळं लेबलाच्या बाहेर गेलं. तो मूग आणणारे केरसी लॉर्ड २०१६ साली गेले. चरणजित सिंग त्याआधी, २०१५च्या जुलैत. अमेरिकी अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या स्टुडिओवादकांना भेटून, त्यांच्या मुलाखती घेऊन ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक २००८ साली काढलं. ते आधी वाच. एका परदेशी प्राध्यापकाने ते करावं लागलं याचं मला वाईट वाटतं, आणि त्याने केलं म्हणून त्याच्याबद्दल कृतज्ञताही.

पण आपल्या लोकांनी काहीच केलं नाही, असं मात्र लिहू नकोस. कानपूरचे हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी बँकेतली नोकरी सांभाळून १९३१ ते १९८० पर्यंतच्या हिंदी चित्रपटगीतांचा कोश खंडाखंडांनी सिद्ध केला. मुंबईत १९९० साली सुरेश चांदवणकर आणि मंडळींनी भारतीय रेकॉर्ड संग्राहकांची संस्था काढली. तिचं काम आपल्या सोलापुरात आणि तुळजापुरातही रुजलं. ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे तिचं नियतकालिक चाळलंस तर कळेल, की तबकडीच्या लेबलाचा रंग, क्रमांक, मुद्रणाचं वर्ष यांवर माणसं किती जीव लावून लिहू शकतात. अलका विभास यांचं ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ तर तू रोज उघडतेस. शब्द, कवी, संगीतकार, राग, ते गाणं कुठल्या नाटकातलं, सगळं एकाच ठिकाणी. आणि पुण्यातली ‘पंचममॅजिक’ची मंडळी. राहुल देव बर्मन यांच्या या चाहत्यांनी नुसते गाण्यांचे कार्यक्रम केले नाहीत. त्यांनी मनोहारी सिंग, भानू गुप्ता, होमी मुल्लन अशा वादकांना रंगमंचावर बसवलं, ‘हा तुकडा तुम्ही कसा वाजवलात’ असं विचारलं आणि हजार लोकांना ते उत्तर ऐकवलं. तुझ्यासाठी सर्वांत जवळचा धडा हाच आहे. तू पुण्यात राहतेस, जाऊन भेट त्यांना.

आता संगीताबद्दल, कारण तिथे तू घाईने लिहिशील अशी मला भीती वाटते.

‘ॲसिड हाउसचा जन्म मुंबईत झाला’ हे वाक्य पहिल्या पानावर टाकायचा मोह तुला होईल. टाकू नकोस. शिकागोत ॲसिड हाउस सुरू करणाऱ्या मुलांनी ही रेकॉर्ड ऐकली होती, याचा कुठलाही पुरावा नाही. जे घडलं ते याहून अधिक मोलाचं आहे. सिंगांच्या त्या तीन यंत्रांपैकी टीबी-३०३ हे रोलँडने गिटारवाल्यांसाठी काढलं होतं. घरी सराव करताना बेस गिटारची साथ मिळावी, एवढाच हेतू. त्या कामाला ते फसलं, १९८४ला बंद पडलं आणि जुन्या बाजारात मातीमोल विकलं जाऊ लागलं. तिथून ते शिकागोतल्या पोरांच्या हाती लागलं. चरणजित सिंगांनी मात्र ते नवंकोरं असतानाच आणलं होतं. त्यात जास्तीत जास्त सोळा घरांची एक ओळ आधी भरायची, कुठल्या स्वरावर जोर, कुठला स्वर पुढच्यात घसरवायचा हे ठरवायचं आणि सोडून द्यायचं. यंत्र ती ओळ फिरवत राहतं. सोलापुरात वाढलेल्या माणसाला हे पटकन कळतं. चादरीवरचं फूल जकार्डच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी आधी ठरलेलं असतं, माग तेच पुन्हा पुन्हा विणत जातो.

आणि ही फिरती ओळ रागाला का मानवली? आपल्या संगीतात षड्ज हलत नाही. पाश्चात्त्य गाण्यात चार-चार मात्रांना खालचा आधार बदलतो, त्यामुळे एकच बेसची ओळ फार वेळ चालत नाही. रागात ती अडचणच येत नाही. त्यात दहापैकी भूप, कलावती, मालकंस, बैरागी हे पाच-पाच स्वरांचे राग. सोळा घरांत ते ऐसपैस मावतात. शिकागोतल्या त्या संगीतानेही खालचा आधार बदलणं जवळजवळ टाकून दिलं होतं, एका आधारावरच ते तासभर नाचवत. दोन शहरांनी एकमेकांची नक्कल केली नाही. एकाच यंत्राला दोघांनी एकाच स्वरावर मुक्काम करायला लावलं. फरकही लिही. शिकागोत ओळ फिरत असताना बटणं पिळून आवाजाचा रंग बदलणं हेच संगीत झालं. सिंगांच्या रेकॉर्डमध्ये खाली यंत्र आहे आणि वर माणूस. ज्युपिटर-८ या सिंथेसायझरवर त्यांचा हात वाजतो आहे, आलापासारखा सुरू होतो, मग गत धरतो, ताना घेतो. ३०३ची घसर एकाच वेगाची असते. आपली मींड कधी सावकाश, कधी झपकन, ती त्या घसरीत बसत नाही. म्हणून मींडेचं काम वरच्या हाताकडेच आलं. मालकंस पुन्हा ऐक, कोमल धैवतावर येताना काय केलंय ते बघ.

शुद्धतावादी मंडळी विचारतील की सकाळचा ललत नि रात्रीचा मालकंस एकाच ठोक्यावर कसा. प्रश्न रास्त आहे, तो टाळू नकोस. मला स्वतःला त्यातला तोडी कमी वाटतो, त्या ठोक्यात त्याचा गांभीर्याचा भाग निसटतो. भैरव आणि मेघमल्हार मात्र असे उभे राहिलेत की दाद द्यावी. हे माझं मत झालं. तू तुझं लिही, पण ‘सगळंच थोर’ असं लिहू नकोस. चाहत्याच्या निवडीवर वाचकाचा विश्वास बसायचा, तर चाहत्याने कुठेतरी नाही म्हटलेलं असावं लागतं.

‘भारतातलं पहिलं इलेक्ट्रॉनिक संगीत’ हेही लिहू नकोस. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकाराने मूगचा स्टुडिओ लावून दिला होता. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिथे १९७२ पर्यंत काम केलं. त्या टेपा संस्थेतच पडून होत्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलाकाराने त्या शोधल्या आणि २०२३ साली त्यातलं निवडक संगीत प्रसिद्ध झालं. पन्नास वर्षं कपाटात! तुझ्या संकेतस्थळावर एक पान त्यांचंही असू दे. चरणजित सिंग त्याने लहान होत नाहीत.

कामाच्या काही गोष्टी. रेकॉर्डची दोन्ही लेबलं, दोन्ही मुखपृष्ठं नीट उजेडात फोटो काढून ठेव. शेवटच्या खाचेनंतर गुळगुळीत भागावर जो क्रमांक कोरलेला असतो तो भिंगाने वाचून जसाच्या तसा उतरव. प्रत्येक विधानापुढे ते कुठून मिळालं ते लिही: मुलाखत, लेबल, पुस्तक, की ऐकीव. ऐकीव असेल तर ‘ऐकीव’ असंच लिहायचं, त्यात कमीपणा नाही. संपूर्ण रेकॉर्ड तिथे वाजवायला ठेवू नकोस. आपल्या कायद्याने ध्वनिमुद्रणाचे हक्क साठ वर्षं राहतात, म्हणजे ही रेकॉर्ड २०४२ अखेरपर्यंत कुणाच्या तरी मालकीची आहे, आणि कलाकाराच्या नावाने उभ्या केलेल्या जागी त्याचाच हक्क मोडणं बरं दिसत नाही. कुटुंबीयांचे पत्ते, फोन कधीही देऊ नकोस. मराठीत लिहिशील ते युनिकोडमध्येच लिही. आपली कितीतरी जुनी मराठी पानं ठरावीक फॉन्टवर अवलंबून होती, तो फॉन्ट गेला आणि पानांवर नुसती अक्षरांची भेळ उरली. आणि दर सहा महिन्यांनी सगळ्याची एक प्रत छापून काढ. २००९ साली जिओसिटीज हे संकेतस्थळ बंद झालं तेव्हा जगभरच्या चाहत्यांनी जीव ओतून लिहिलेली असंख्य पानं गेली. कागदाला वाळवी लागते हे खरं, पण ती एका रात्रीत सगळं खात नाही.

सर्वांत आधी मात्र हे कर. त्या काळातले जे वादक, ध्वनिमुद्रक, स्टुडिओतले मदतनीस आज हयात आहेत, त्यांची यादी कर. ऐंशीच्या पुढचे सगळ्यांत वर. संकेतस्थळाचा रंग, नाव, मांडणी हे नंतर झालं तरी चालतं. त्यांच्याकडे जाताना प्रश्न लिहून ने, आणि ‘त्या वेळी कसं वाटलं’ असं विचारू नकोस. ‘त्या दिवशी कुठलं वाद्य होतं, ते कुणाचं होतं, शेजारी कोण बसलं होतं’ असं विचार. नावं आपोआप निघतात. मग प्रत्येक नावाचं स्पेलिंग त्यांच्याकडूनच तपासून घे.

रागांच्या पानांचा कच्चा मसुदा झाला की इकडे पाठव. बैरागीत तू गंधार लिहून बसशील अशी मला शंका आहे, त्यात गंधार आणि धैवत दोन्ही वर्ज्य. ताईला शेंगाचटणी पोचल्याचं कळव म्हणावं.

तुझा,
मामा