दाढेतली पुरचुंडी

आपल्या मराठीने दातांना फार राबवून घेतले आहे. आपण दातओठ खातो, दातांच्या कण्या करतो, कुणाचे दात त्याच्याच घशात घालतो. पण या साऱ्यात दात म्हणजे तोंडात रोवलेला पांढरा दगड, एवढीच त्याची किंमत!

माझा मुलगा बारावीसाठी लातूरला राहतो. गार पाणी लागले की दाढेतून कळ जाते, असा त्याचा निरोप आला, तेव्हा नांदेडहून निघताना माझ्या आईने सल्ला दिला, "काढून टाक म्हणावं एकदाची!" लातूरच्या दंतवैद्यबाई मात्र म्हणाल्या, "सर, कीड खोल गेलीय. सगळं कोरलं तर नस उघडी पडेल. तळाचा थोडा मऊ थर राहू देते, वर औषध घालून घट्ट बंद करते. पुढचं काम दाढ करील."

दाढ काम करील? मग मी पुस्तके धुंडाळली. वरच्या कठीण दंतवल्काखाली दंतिन असते. वजनात सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय द्रव्य, उरलेले पाणी. दाताच्या पोकळीच्या कडेने बसलेल्या पेशी आधी कोलॅजेन या प्रथिनाची जाळी विणतात. मग फॉस्फरसयुक्त प्रथिने कॅल्शियमला धरून जागच्या जागी बसवतात. १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती कोसळताना ज्यांनी पाहिल्या, त्यांना दगडापेक्षा सांध्याचे मोल वेगळे सांगायला नको. काही चिनी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या दात तपकिरी होऊन झिजत. अशा प्रथिनांच्या जनुकातच दोष असल्याचे २००१ साली कळले.

पण खरी गंमत पुढेच आहे. दंतिन घडताना पेशी त्यात आणखी काही प्रथिने पुरून ठेवतात. ती वर्षानुवर्षे मुकाट पडून असतात. किडीच्या आम्लाने खनिज विरघळले की ती सुटतात आणि आतल्या पेशींना जागे करतात. त्या पेशी मग नसेच्या बाजूने दंतिनाचा नवा थर चढवू लागतात. शत्रूनेच भिंत फोडावी आणि त्या भिंतीतूनच मदतीची हाक उठावी, तसे हे! मात्र पडलेले भोक यातून बुजत नाही, आणि कीड थांबवून दाढ बंद केली नाही तर कीडच जिंकते. दंतवल्काला तर हेही साधत नाही. त्याच्या पेशी दात उगवतानाच संपतात.

सहा महिन्यांनी तपासणी झाली. नस जिवंत होती, कळ थांबली होती. आईला सांगितले, तर ती म्हणाली, "लहानपणी म्या दूध-भाकर चारली, ती आता कामाला आली बघ!"

मी प्रथिनांचे नाव काढणार होतो. पण ते दंतिन घडले तेव्हा पोराला भरवणारी तीच होती. मी गप्प बसलो.