'लॉयल्टी'ची युद्धवर्षे

'लॉयल्टी' हे जहाज १८९० साली इंग्लंडमधल्या बॅरो येथे पाण्यात उतरले, तेव्हा त्याचे नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया' होते. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची ही सुमारे सहा हजार टनांची, पांढऱ्या रंगाची देखणी आगबोट व्हँकुव्हर आणि हाँगकाँग यांच्या दरम्यान टपाल आणि उतारू नेत असे. वीस-बावीस वर्षांत ती जुनी झाली. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर, १९१४च्या अखेरीस, ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी ती विकत घेतली. जखमी हिंदी सैनिकांसाठी तिचे रुग्णालय करायचे होते. भोपाळच्या बेगम आणि इतर संस्थानिकांनीही या कामाला हातभार लावला. १९१५च्या जानेवारीत जहाजाला 'लॉयल्टी' हे नाव मिळाले.

साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडच्या शिंदे घराण्यातल्या माधवरावांना हे काम नवे नव्हते. १९०० साली चीनमधल्या मोहिमेसाठी त्यांनी 'ग्वाल्हेर' नावाचे रुग्णालय-जहाज दिले होते आणि ते स्वतःही तिकडे गेले होते. जहाजाच्या नव्या नावात इंग्रज सरकारवरची निष्ठा आहे, हे उघडच आहे. पण ज्यांची सोय झाली ते शिपाई आपलेच होते. त्यामुळे केवळ नावावरून या कामाचे मोल ठरवणे अन्यायाचे होईल.

१९०७च्या हेग कराराने अशा जहाजांचे नियम ठरवले होते. सारे जहाज पांढरे रंगवायचे. ते सरकारी असेल तर अंगावर हिरवा पट्टा, मदतसंस्थेचे असेल तर तांबडा. पट्ट्याची रुंदी सुमारे दीड मीटर. राष्ट्रध्वजाबरोबर रेडक्रॉसचे निशाणही फडकवायचे. अशा जहाजाचा लढाईसाठी वापर करायचा नाही, आणि जखमी कोणत्याही देशाचा असो, त्याच्यावर उपचार करायचे.

या जहाजांची गरज किती निकडीची होती, ते मेसोपोटेमियात दिसले. तिथे सहावी पुणे डिव्हिजन लढत होती आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. १९१५च्या नोव्हेंबरमध्ये टेसिफोनच्या लढाईत हजारो जखमी झाले. बसऱ्याला 'वरेला' हे रुग्णालय-जहाज उभे होते; तेही मूळचे उतारू जहाजच. त्यावरचे डॉक्टर मेजर कार्टर यांनी टायग्रिसमधून येणारी 'मजीदिया' ही बोट पाहिली. दुरून तिच्या कडांना दोर लोंबताना दिसत होते. बोट जवळ आली तेव्हा कळले की ते दोर नव्हते, वाळलेली विष्ठा होती. सहाशेच्या आसपास जखमी तिच्यावर दाटीवाटीने पडलेले होते, हलताही येत नव्हते. कार्टर यांनी तक्रार केली, तर वरिष्ठांनी त्यांनाच अटकेची धमकी दिली. पुढे मेसोपोटेमिया चौकशी आयोगाने त्यांचीच साक्ष उचलून धरली. नदीवरची व्यवस्था कोलमडली असताना माणसासारखी वागणूक मिळण्याची पहिली जागा म्हणजे बंदरात उभे असलेले पांढरे जहाज. मुंबईत आणलेल्या जखमींसाठी नव्याने बांधलेल्या वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीतही लष्करी रुग्णालय चालत असे. तिथल्या आजच्या प्रेक्षकाला हे सहसा ठाऊक नसते.

युद्ध संपल्यावर 'लॉयल्टी' पुन्हा विकली गेली. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१९च्या मार्चमध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापली आणि हेच जहाज घेतले. पुणे जिल्ह्यातले वालचंदनगर ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते हेच वालचंद. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनकडे निघाली. इंग्रज कंपन्यांच्या मक्तेदारीला दिलेले ते उघड आव्हान होते. १९२३ साली मुंबईतच हे जहाज मोडीत निघाले.

त्या सफरीच्या स्मरणार्थ १९६४पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. त्या दिवशीच्या भाषणांत व्यापाराची गोष्ट येते, जखमींची येत नाही. ती यायला हवी. शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी तरी 'लॉयल्टी'च्या रुग्णालयाच्या वर्षांबद्दल मुलांना सांगावे.