सही करण्याआधी

लेकीच्या पुढे आलेल्या दातांना तारा बसवायला आम्ही नाशिकच्या एका दवाखान्यात गेलो. तिथे इंग्रजी फॉर्म पुढे आला, "इथे सही करा." वाचल्याशिवाय सही करू नका, असे मुलांना शिकवणारे आम्ही, पण सही करून मोकळे झालो. रिक्षात लेक म्हणाली, "अम्मी, माझे चार चांगले दात काढणार. मला कुणी विचारलंच नाही."

२००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की उपचार, त्याचे धोके, दुसरे पर्याय समजल्याशिवाय दिलेली संमती खरी नव्हे. तिथे रुग्ण भुलीत असताना आईची संमती घेतली होती, ती न्यायालयाने मानली नाही. ती रुग्ण सज्ञान होती. आमची लेक १३ वर्षांची, कायद्याने सही आमचीच. पण दात तिचे!

दुसऱ्या दिवशी परत गेलो. दात न काढता जमेल का? तारा किती महिने? नंतर रिटेनर न वापरल्यास काय? प्रश्न लेकीनेच विचारले. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून नीट समजावले (आधी विचारले असते तर आधीच समजावले असते!). तिने आठ दिवस मागितले, तेही मिळाले.

एक्स-रे तिने खिडकीच्या काचेला चिकटवलाय. अजून 'हो' म्हणालेली नाही.