पिंगुळीचं सोनेरी हरीण

तळकोकणात गेलो की आपण मालवणचा किल्ला बघतो, सोलकढी पितो, पिशवीत काजू-कोकम भरतो आणि परततो. पुढच्या खेपेला कुडाळला उतरून दोन तास पिंगुळीला द्या. स्टेशनापासून रिक्षाने जवळच आहे.

मी गेले ती मात्र सहलीला नव्हे. माझ्या भाचीचं लग्न कुडाळात जमत आलं होतं. बैठक संध्याकाळची, दुपार मोकळी, म्हटलं, चल.

पिंगुळीच्या गुढीपुरात ठाकर समाजातली काही घरं पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी करतात. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. परशुराम गंगावणे यांनी तर गुरांच्या गोठ्यातच संग्रहालय मांडलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. एका कथेची सुटी पानं म्हणजे एक पोथी. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे पान उलटलं की पुढचा प्रसंग तयार! वीणा, हुडुक आणि टाळ यांच्या साथीवर कथेकरी गातो, मध्येच बोलतो. आमच्यासमोर कांचनमृगाचं पान आलं. सीता हरणाकडे बोट दाखवतेय. मागच्या बाजूला काय आहे, ते बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

मला वाचनालयात पाहिलेली विल्यम होगार्थची चित्रं आठवली. हा अठराव्या शतकातला लंडनचा चित्रकार. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली त्याची चित्रंही पोथीसारखी ओळीने वाचायची. फक्त त्यात देव नाहीत, आपल्यासारखी माणसं. १७४५ साली त्याने एका लग्नाची गोष्ट सहा चित्रांत विकायला काढली. पहिल्याच चित्रात बैठक, अगदी आपल्या याद्यांसारखी! मुलाचा बाप पैशांची चणचण असलेला उमराव, तो वंशावळ दाखवतोय. मुलीचा बाप गबर व्यापारी, करारनामा न्याहाळतोय. नवरदेव आरशात रमलेला, नवरी रुमालात अंगठी ओवत बसलेली. दोघांनी एकमेकांकडे पाठ केलेली. जवळ दोन कुत्री एकाच साखळीत. पुढे उधळपट्टी, परपुरुष, नवऱ्याचा खून. शेवटच्या चित्रात मुलगी विष घेऊन मरणाला टेकलीय, आणि बाप तिच्या बोटातली अंगठी काढून घेतोय!

होगार्थ कुणालाच सोडत नाही. हसवतो, पण दया करत नाही. पिंगुळीचा कथेकरी सीतेला हसला नाही. त्याचा आवाज तिथे जरा खाली आला, एवढंच. मला तेच जास्त लागलं. परतताना भाचीला ही इंग्रजी गोष्ट सांगितली. ती काही बोलली नाही.

संध्याकाळी चहा-पोहे झाले. “आमचं काही मागणं नाही हो,” असं म्हणत म्हणत मुलाकडची मंडळी तोळ्यांवर आली. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. पण सोनं काय, ‘हौसेचं’ असतं ना! भाऊजींनी निमूटपणे कागद पुढे ओढला. मुलगा मोबाईलमध्ये. भाची ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, “मावशी, ह्या पानाच्या मागे कुठलं चित्र असेल गं?”

मी भाऊजींच्या हातातलं पेन मागून घेतलं.