सपाट माथ्याचा डोंगर आणि ज्येष्ठांची पावले

डोंगर म्हटले की शिखर डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु काही डोंगर असे असतात, की त्यांना शिखर नसतेच. कडे खाली तुटलेले आणि माथा मात्र पाटासारखा सपाट. दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएला, ब्राझील आणि गयाना या देशांच्या सीमेवरील रोराइमा हा असा जगप्रसिद्ध डोंगर आहे. उंची २,८०० मीटर आणि खडक अब्जाहून अधिक वर्षांपूर्वीच्या वाळूचा. १८८४ मध्ये प्रथमच एका मोहिमेने हा माथा गाठला. आजही तेथे जायचे तर वाटाड्या सोबत घेऊन, तंबूत मुक्काम करीत, कित्येक दिवस पायी चालावे लागते. साठी-सत्तरी ओलांडलेल्या बहुतेकांनी ती वाट चित्रांतच पाहावी, हे उत्तम.

नागपूरकरांना मात्र सपाट माथ्याचा एक डोंगर अर्ध्या दिवसाच्या अंतरावर लाभला आहे. तो म्हणजे सातपुड्याच्या गाविलगड रांगेतील चिखलदरा. खडक येथे निराळा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेल्या लाव्हारसाचा हा काळा बेसाल्ट. त्याचा वरचा थर सपाट राहिला आणि कडेने पाण्याने दऱ्या कोरल्या. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवरील या माथ्यापर्यंत मोटार जाते. चढण चाकांनी चढायची आणि चालणे सपाटीवर करायचे, ही सोय फार थोड्या डोंगरांवर मिळते. म्हणूनच ज्येष्ठांसाठी आखलेल्या तीन दिवसांच्या पदभ्रमणाचे पत्रक हाती आले, तेव्हा माझ्या शहात्तर वर्षांच्या आईला घेऊन जाण्याचा विचार मनात आला.

घरात मतभेद झाले. तिला रक्तदाब आहे, उजवा गुडघा दुखरा आहे. "या वयात कशाला?" असे एकाने विचारले. "गेलीच आहे तर सगळे पाहून येऊ दे," असे दुसऱ्याने म्हटले. दोन्ही वाक्यांत माया होती. पण तिला काय हवे आहे, हे कोणीच विचारले नव्हते. ती म्हणाली, "डॉक्टर हो म्हणाले तर जाईन. आणि दमले तर बसेन."

निघण्याआधीचे सहा आठवडे

डॉक्टरांनी तपासून होकार दिला. मात्र सराव करण्यास सांगितले. फुटाळा तलावाच्या काठाने रोज सकाळी अर्धा तास चालणे, आठवड्यातून दोनदा सेमिनरी हिल्सचा सौम्य चढ, आणि घरी खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे. जागतिक आरोग्य संघटनेने ज्येष्ठांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचविला आहे. त्याबरोबरच आठवड्यातून तीन वा अधिक दिवस तोल आणि ताकद वाढविणारे व्यायामही सांगितले आहेत. डोंगरावर हा दुसरा भाग अधिक उपयोगी पडतो. सपाट माथ्यावर दम लागत नाही; पण दगड-गोट्यांवर तोल जाऊ शकतो.

चालण्याची गती ओळखण्याची एक सोपी खूण आहे. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य मध्येच तुटू लागले, तर गती कमी करावी. छातीत दाब, जबड्यात वा डाव्या हातात वेदना, चक्कर किंवा घाम फुटणे, यांपैकी काहीही जाणवले तर तेथेच बसावे आणि वैद्यकीय मदत मागवावी.

वाट आणि वारा

नागपूरहून अमरावती सुमारे १५० किलोमीटर, तेथून परतवाडा आणि मग घाट. सारा प्रवास सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास भरतो. आम्ही अमरावतीला तासभर थांबलो. दीर्घकाळ एका जागी बसल्याने पाय सुजतात, म्हणून दर दीड-दोन तासांनी उतरून चार पावले टाकणे बरे. परतवाड्यानंतरची वळणे अनेकांना मळमळवितात. घाटापूर्वी हलके खावे, शक्य तर पुढच्या आसनावर बसावे आणि वाचन टाळावे.

नागपूर सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. हजार मीटर वर गेले की हवा साधारण सहा अंशांनी थंड होते, या हिशेबाने चिखलदऱ्याला नागपूरपेक्षा चार-पाच अंश कमी असतात. उंचीमुळे होणारा त्रास सामान्यतः २,५०० मीटरच्या वर सुरू होतो, त्यामुळे येथे त्याची चिंता बहुतेकांना करावी लागत नाही. खरी काळजी थंडीची. पहाटेच्या गारठ्यात हृदयावर ताण येतो. आमचा वाटाड्या सूर्य वर आल्याशिवाय कोणालाही बाहेर काढीत नसे. पावसाळ्यातले धुके मोहक असले, तरी शेवाळलेले दगड घसरडे असतात; ज्येष्ठांनी नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा.

माथ्यावरचे दोन दिवस

चिखलदरा हे नाव कीचकावरून आले, अशी लोककथा आहे. भीमाने कीचकाला मारून या दरीत टाकले आणि भीमकुंडात हात धुतले. 'मेळघाट' म्हणजे घाटांचा मेळ. या जंगलातील व्याघ्रप्रकल्प देशातील पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. येथील कोरकू लोकांची भाषा मराठी वा हिंदीच्या कुळातली नव्हे, तर मुंडा कुळातली आहे. आमचा वाटाड्या कोरकू तरुण होता. तो आईशी वऱ्हाडी वळणाच्या मराठीत बोले आणि आपल्या साथीदाराशी कोरकूत. त्या अनोळखी भाषेतला एक शब्द रोज शिकायचा, असा नेमच आईने केला.

पहिल्या सायंकाळी केवळ तलावाच्या काठाने अर्धा तास चालणे झाले. प्रवासाच्या दिवशी एवढेच पुरे. दुसऱ्या दिवशी कॉफीच्या बागांच्या बाजूने पंचबोल पॉइंट. दरीकडे तोंड करून दिलेली हाक तेथे पुनःपुन्हा परत येते. आमच्यातल्या प्रत्येकाने कोणाचे ना कोणाचे नाव पुकारले. आईने तिच्या गेलेल्या बहिणीचे. कोणी काही बोलले नाही. वाटाड्याने तेवढ्यात सर्वांसाठी चहा ओतला.

कड्याच्या जवळ मात्र एक नियम कडक होता. कठडा नसेल तेथे कोणी पुढे जायचे नाही आणि छायाचित्र काढताना मागे सरकायचे नाही. डोळ्यांना दोन भिंगांचा चष्मा असणाऱ्यांनी पायऱ्या उतरताना विशेष जपावे. खालच्या भिंगातून पायरी अस्पष्ट दिसते.

गाविलगड : कुठवर जायचे?

तिसरा दिवस गाविलगडाचा. गावापासून दोनेक किलोमीटरवर हा गड आहे. डिसेंबर १८०३ मध्ये तो नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या ताब्यात होता. आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनने, गडाला वेढा घातला. दक्षिणेची बाजू सरळ कड्याची. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने डोंगराला वळसा घालून, अवजड तोफा माणसांच्या हातांनी ओढत, उत्तरेच्या सपाटीकडून माऱ्याची जागा गाठली. १५ डिसेंबरला गड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. सपाट माथ्याच्या डोंगराची किल्ली त्याच्या सोप्या बाजूत असते, हे त्या तोफांच्या वाटेवरून कळते.

आपल्यालाही ती सोपी बाजूच निवडायची आहे. गडाच्या बाहेरच्या भागापासून पुढची वाट दगडी, उंच-सखल आणि काही ठिकाणी झुडपांनी वेढलेली आहे. दरवाज्यांवरचे सिंह आणि गंडभेरुंड यांची शिल्पे, आतले तलाव, जुन्या तोफा आणि उंचावरील मशीद हे सारे पाहायचे तर बरेच चालावे लागते. निघण्यापूर्वी वाटाड्याने सांगितले, "अकरा वाजता जिथं असू तिथून मागं फिरायचं. पुढं काय राहिलं ते पुढच्या खेपेला." परतीची वेळ चालण्यापूर्वीच ठरविणे, हा या साऱ्या पद्धतीचा गाभा होता. थकलेला माणूस, आणि त्याहून अधिक उत्साहात आलेला माणूस, अंतराचा अंदाज चुकीचा करतो.

शिल्पांच्या दरवाज्याशी आई थांबली. वर मशिदीचे घुमट दिसत होते. "मी येथेच बसते. तुम्ही जाऊन या," ती म्हणाली. माझ्या तोंडावर "अगं, थोडेच राहिले आहे" हे शब्द आले होते. सांभाळणाऱ्यांच्या ओठांवर असे शब्द नेहमी असतात. आपल्याला वाटते, आपण धीर देतो आहोत. प्रत्यक्षात थांबण्याचा तिचा निर्णय आपण तिच्या हातून काढून घेत असतो. मी गप्प राहिले. वाटाड्याचा साथीदार तिच्याजवळ बसला. आमच्यातले एक निवृत्त गृहस्थ मात्र अकरा वाजल्यावरही पुढे जाण्याचा हट्ट धरून होते. वाटाड्या हसून म्हणाला, "आजोबा, गड कुठं पळून नाही चालला." ते कुरकुरत वळले.

उताराने त्याचे कारण सांगितले. चढताना श्वास लागतो, पण उतरताना गुडघ्यांवर भार येतो, मांडीचे स्नायू थरथरतात आणि पडण्याचा धोकाही तेव्हाच अधिक. परतीच्या वाटेवर त्या गृहस्थांना तीनदा बसावे लागले. ताकद शिल्लक होती म्हणूनच ते स्वतःच्या पायांनी मोटारीपर्यंत आले. आई दरवाज्यापासून आरामात आली. त्या तासाभरात तिने कोरकूतले चार नवे शब्द शिकले होते.

सांभाळणाऱ्यांसाठी

ज्येष्ठांना घरी बसविणे सुरक्षित वाटते. पण न चालणाऱ्याचे स्नायू लवकर झडतात, तोल बिघडतो आणि मन खचते. उलट, फार पुढे ढकलणे हेही प्रेमाचेच दुसरे टोक. यांच्या मधली वाट अशी, की सुरक्षिततेच्या मर्यादा डॉक्टरांनी आणि वाटाड्याने आखाव्यात, आणि त्या मर्यादेच्या आत कुठे थांबायचे ते चालणाऱ्याने ठरवावे. हे मान्य असणारा गटच निवडावा. वाटाड्या स्थानिक आहे का, सोबतीला दुसरा माणूस आहे का, मोटार किती जवळ येते, आणि कोणी थांबले तर त्याच्यापाशी कोण राहणार, हे प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारावेत.

निघताना जवळ असावे

• औषधे दोन ठिकाणी विभागून. त्यांची यादी, रक्तगट आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद खिशात.

• मधुमेह असल्यास साखर वा गूळ, आणि जेवणाच्या वेळा न चुकविण्याचा निश्चय. इन्सुलिन घेणाऱ्यांनी चालण्याच्या दिवशीच्या मात्रेविषयी डॉक्टरांना आधीच विचारावे.

• लघवी वाढविणारी गोळी चालू असल्यास पाणी किती प्यावे आणि गोळी केव्हा घ्यावी, याचा सल्ला. स्वतःहून गोळी बंद करू नये.

• सरावातले, पकड असलेले बूट. नवे बूट कधीच नकोत. सुती मोज्यांचा एक जादा जोड.

• काठी. गुडघा दुखत असल्यास ती विरुद्ध बाजूच्या हातात धरावी. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

• कानटोपी, शाल आणि शिट्टी. दरीत दूरध्वनीला संपर्क मिळेलच असे नाही. संपर्क असेल तेथून रुग्णवाहिकेसाठी १०८.

नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, विश्रांतीतही छातीत दुखत असेल वा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर ही सहल पुढे ढकलावी. इतरांनी डॉक्टरांचा होकार घेऊन फुटाळ्याच्या काठापासून सुरुवात करावी. सहा आठवडे नेमाने चालल्यावर आपला पल्ला आपल्यालाच कळतो, आणि तेवढ्याच पल्ल्याची वाट निवडायची असते.