ट्रायल बॅलन्स

मोटारसायकल पाडायची तर आधी ती जोरात पळवावी लागते, असा माझा वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत समज होता. तो साफ चुकीचा निघाला. गाडी घेतल्यापासून दोन महिन्यांत मी ती चार वेळा पाडली आणि चारही वेळा तिचा वेग लग्नाच्या वरातीपेक्षा कमी होता. एकदा तर ती उभी होती आणि मी तिच्यावर नव्हतोच. दहा फुटांवर चहा पीत होतो!

गाडी मी हौस म्हणून घेतली नाही. कॉमर्सचा पदवीधर हौसेसाठी कर्ज काढत नाही. बँकेतला कारकून बढती नाकारतो ती बदली टळावी म्हणून. मी तीनदा नाकारली. शेवटी साहेबांनी बढती न देताच बदली दिली. कोरेगावच्या पुढचं एक गाव, साताऱ्यातल्या आमच्या दारापासून २८ किलोमीटर. सकाळची एसटी मिळायची, पण संध्याकाळी कॅश जुळेपर्यंत परतीची निघून गेलेली असायची. तोवर अठरा वर्षं मी हिच्या स्कूटरवर मागे बसून हिंडलो होतो. होय, ही पुढे आणि मी मागे, मांडीवर भाजीची पिशवी. त्या आसनावर मी अत्यंत सुखी होतो.

घ्यायचीच तर शंभर सीसीची साधी गाडी घ्यावी, एवढी अक्कल मला होती. पण शोरूममध्ये साडेतीनशे सीसीची एक काळीभोर, दणकट गाडी दिसली आणि इतकी वर्षं दबून राहिलेला कुणीतरी आतून म्हणाला, "हीच!" कागदावर तिचं वजन १९५ किलो होतं. माझं ५८. एका रुपयाच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत बसणाऱ्या माणसाला हा १३७ किलोंचा फरक दिसला नाही.

"सर, एबीएस आहे. काही काळजी करू नका," विकणारा मुलगा म्हणाला. मी काळजी सोडली. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊन घसरू नये म्हणून केलेली सोय. १ एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला ती सक्तीची आहे. पळत्या गाडीला ती वाचवते. थांबत्या गाडीला वाचवायची तरतूद तिच्यात नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात पेट्रोल पंपावर कळलं. रांगेत शिरताना मी हँडल डावीकडे वळवलं आणि त्याच क्षणी पुढचा ब्रेक दाबला. गाडीने मान खाली घातली आणि डावीकडे शांतपणे आडवी झाली. मी तिच्याशेजारी. पंपावरच्या पोऱ्याने विचारलं, "टाकी फुल करायची का, काका?"

दुसऱ्यांदा पडली ती चहाच्या टपरीसमोर. पाऊस नुकताच उघडला होता. मी साइड स्टँड लावला, दोनदा खात्री केली आणि चहा घ्यायला गेलो. ओल्या मातीत स्टँड हळूहळू रुतत गेला. अर्धा कप संपेपर्यंत गाडी झुकत होती आणि मला वाटत होतं, मीच वाकडा बसलोय.

तिसरी वेळ शाखेच्या दारात. महिन्याचा पहिला आठवडा, पेन्शनवाल्यांची पायरीपासून पिंपळापर्यंत रांग. मी ऐटीत यू टर्न घ्यायला गेलो. निम्म्या वळणावर सगळी रांग आपल्याकडे बघतेय हे लक्षात आलं. मी रांगेकडे बघितलं, मग घाबरून खाली चाकाकडे बघितलं, हातातून क्लच सुटला, इंजिन बंद पडलं आणि उरलेलं काम वजनाने केलं. नंतर काउंटरवर एका आजींनी पासबुकाबरोबर पुरचुंडीतली हळदही पुढे सरकवली.

या तिन्ही वेळा मी हसलो. चौथ्यांदा हसू आलं नाही.

चौथ्यांदा मागे ही बसलेली होती. अठरा वर्षांत प्रथमच ही मागे आणि मी पुढे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या एका चढाच्या गल्लीत समोरून टेम्पो आला. मी थांबलो, डावा पाय टेकायला खाली सोडला, तर खाली जमीनच नव्हती. म्हणजे होती, पण गटाराच्या बाजूला अर्धा वीत खाली. मी गाडी सावरायला गेलो. दोन माणसांसकट कलंडणारी १९५ किलोंची गाडी सावरणं म्हणजे बुडीत कर्जात आणखी कर्ज घालण्यासारखं. आम्ही तिघेही आडवे झालो.

हिला लागलं ते मनगटाला थोडं खरचटलं, एवढंच. पण हिरव्या बांगड्या गेल्या. ही उठली, साडी झटकली, एक एक तुकडा वेचून रुमालात बांधला आणि म्हणाली, "वाढल्या." आपल्याकडे फुटल्या म्हणत नाहीत. मग एवढंच बोलली, "अहो, मी चालत येते. तुम्ही व्हा पुढे." रागावली असती तर बरं झालं असतं. घरी आईने तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि देवापाशी जाऊन बसली. त्या रात्री मी गाडी विकायचं ठरवलं.

गिऱ्हाईक शोधायला मी आमच्या शाखेच्या एका खातेदाराला विचारलं. हे गृहस्थ रोज पहाटे मोटारसायकलवर चाळीस-चाळीस लिटरची दोन कॅन बांधून दूध घालतात. साठी उलटलेली, अंगाने माझ्याहून किडकिडीत. मी हिशेब केला. एक लिटर दूध एक किलोहून किंचित जड, म्हणजे नुसत्या दुधाचेच ८२ किलो. रस्ता शेतातला, वाटेत ओढा.

"मामा, तुमची कितीदा पडली?"

"पयल्या साली लई. त्या दिशी दूध बी जायचं न् गिऱ्हाईक बी." मग माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "इकू नगा, सायेब. जोरात कुणीबी पळवतंय. हळू चालवून दावा."

पुढचे चार सुट्टीचे शनिवार मी शाळेच्या मैदानावर हळू चालवायला शिकलो. मामांनी चार विटा मांडल्या आणि त्यांच्यामधून माणसाच्या चालीने गाडी काढायला लावली. क्लच पुरा दाबायचा नाही, पुरा सोडायचा नाही. गाडी जिथे ओढ घेते तिथेच बोटांनी धरून ठेवायचा, इंजिन किंचित जागं ठेवायचं आणि मागच्या ब्रेकवर पाय नुसता टेकवायचा. वळताना पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. थांबायचं तर आधी हँडल सरळ, मग ब्रेक, आणि पाय सोडायच्या आधी तो कुठे पडणार ते बघून ठेवायचं. वाळू, ओलं शेण, खड्डा, उतार. पाय कुठे टेकवू नये, याची केवढी मोठी यादी या देशात आहे!

गाडी उभी करताना जमीन मऊ असली तर स्टँडखाली चपटा दगड. मामांच्या डिकीत त्यासाठी फरशीचा तुकडा कायमचा असतो. चढावर लावायची तर तोंड वर आणि गिअरमध्ये. आणि एका मर्यादेपलीकडे कलंडली की सोडून द्यायची, पाय काढून घ्यायचा. "वाकलेला आरसा बदलता येतो, गुडघा न्हाय." पडलेली उचलायचीही रीत आहे. आधी इंजिन बंद, मग गिअरमध्ये टाकायची. गाडी उजवीकडे पडली असेल तर स्टँड आधीच उघडून ठेवायचा. मग सीटला पाठ लावून बसायचं, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची दांडी धरायची आणि पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर मागे मागे चालत जायचं. मी ५८ किलोंचा माणूस १९५ किलो उभे करू शकलो. बँकेत असं कधी झालं नाही.

पण मुख्य गोष्ट त्यांनी शेवटी सांगितली. "सायेब, तुमी चाकाकडं बघता, न्हायतर मान्सांकडं बघता. जिकडं जायचं तिकडं बघतच न्हाय. नजर खाली गेली की गाडी बी खाली गेली."

मला चटकन पटलं, कारण हा माझा जुनाच आजार. कॅश मोजताना रांगेतल्या कुणी घड्याळाकडे बघितलं की माझं बंडल चुकतं. गाडी पडली तरी इंजिन बंद करायच्या आधी मी कुणी पाहिलं का ते बघतो. नवशिक्याच्या मागच्या सीटवर, त्याला न विचारता, सगळं गाव बसलेलं असतं. एवढ्या ओझ्याने गाडी कलंडणारच.

दोन महिने ही पुन्हा बसली नाही. मीही म्हटलं नाही. मग एका रविवारी तिने दोन्ही हात भरून नव्या हिरव्या बांगड्या भरल्या, खाली येऊन गाडीजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "माहुलीपर्यंत जाऊन येऊ. घाटावर जरा बसू."

मी तिच्या हातांकडे बघितलं. काचेच्या बांगड्या घालून मागे बसणं, यापेक्षा मोठं तारण आजवर कुणी माझ्या हवाली केलेलं नाही.

जाताना तीच गल्ली लागली आणि नशीब बघा, समोरून टेम्पोही आला. हँडल सरळ केलं. मागचा ब्रेक हलकेच दाबला. गटार डावीकडे होतं, म्हणून उजवा पाय खाली सोडला. खाली जमीन होती. टेम्पो गेला, आम्ही निघालो. कुणी बघितलं नाही, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बँकेतही ट्रायल बॅलन्स जुळला की कुणी टाळ्या वाजवत नाही, नुसते दिवे मालवून घरी जातात.

फक्त मागून एकदा बांगड्या किणकिणल्या. हिने माझ्या खांद्यावरचा हात काढून भाजीची पिशवी मांडीवर नीट घेतली होती.