आमची आठशे

मुलांनो, तुमच्यापैकी किती जण मारुती आठशेमध्ये बसले आहेत? नुसती लांबून पाहिलेली नाही हं, आत बसलेले! आई-बाबांना विचारून बघा. त्यांच्यातलं एक जण तरी लगेच सुरू होईल, "आमच्या मामाकडं होती ना! नऊ जण बसून तुळजापूरला गेलो होतो." नऊ जण बसायला नको होते, ही गोष्ट वेगळी.

आमच्या घरी ही गाडी अजून आहे. पांढरी, १९९७ सालची आणि चालू स्थितीत. आम्ही राहतो बीड जिल्ह्यातल्या माजलगावला. गावाजवळ सिंदफणा नदीवर मोठं धरण आहे. धरणाच्या पाण्यामुळे ऊस आला, उसामुळे साखर कारखाने आले आणि कारखान्यांमुळे सगळा हिवाळाभर रस्त्यावर उसाची वाहनं आली. त्यातच कल्याण-विशाखापट्टणम हा हमरस्ता आमच्या गावातून जातो आणि खामगावहून पंढरपूरला जाणारा रस्ताही. म्हणजे ट्रक, एसटी, दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, बैलगाड्या, आणि या सगळ्यांच्या कडेकडेनं जाणारी आमची आठशे! हे चित्र जरा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आधी नावाचं बघू. आठशे म्हणजे काय? तर इंजिनात तीन नळकांडी असतात, त्यांना सिलिंडर म्हणतात. त्यांत दट्ट्या वर-खाली होताना जेवढी जागा व्यापतो, ती तिघांची मिळून ७९६ घनसेंटिमीटर भरते. एक लिटर म्हणजे १००० घनसेंटिमीटर. म्हणजे दुधाच्या लिटरच्या पिशवीपेक्षाही कमी जागेत पेट्रोल आणि हवेचे छोटे छोटे स्फोट होतात आणि त्यावर साडेसहाशे किलोच्या आसपास वजनाची गाडी पळते. आहे की नाही गंमत?

पहिली मारुती आठशे १४ डिसेंबर १९८३ रोजी गिऱ्हाइकाच्या हाती आली. तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी स्वतः किल्ली दिली होती. किंमत होती साधारण साडेसत्तेचाळीस हजार रुपये. त्याआधी आपल्याकडं मोटार म्हणजे अ‍ॅम्बॅसिडर, नाहीतर फियाट. आणि पैसे भरूनही वर्षानुवर्षं वाट पाहायची. जपानच्या सुझुकी कंपनीच्या मदतीनं तयार झालेली ही छोटी गाडी आली आणि शिक्षक, कारकून, दुकानदार असल्या माणसांनाही वाटू लागलं, की आपल्या दारात मोटार उभी राहू शकते. १८ जानेवारी २०१४ रोजी तिचं उत्पादन थांबलं. तोवर २७ लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या होत्या.

त्यातली एक आमची. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, हायस्कुलात गणित शिकवायचे. २००३ साली त्यांनी पतसंस्थेचं कर्ज काढून ती घेतली. नवी नाही, सहा वर्षं वापरलेली, औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून. गल्लीतली निम्मी पोरं त्या दिवशी आरशात स्वतःचं तोंड बघून गेली.

आता गणिताच्या मास्तरांची गाडी म्हटल्यावर वही आलीच! अण्णांनी पहिल्या दिवसापासून एक वही ठेवली. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटरचा आकडा लिहायचा. पुन्हा भरायची वेळ आली की पुन्हा काठोकाठ भरायची. मधले किलोमीटर भागिले आत्ता मावलेलं पेट्रोल, म्हणजे गाडी लिटरला किती धावली ते कळतं. समजा ३०६ किलोमीटर झाले आणि १८ लिटर मावलं, तर १७. तुमच्या घरच्या स्कूटरवर करून बघा. आकडा अचानक उतरला, तर चाकात हवा कमी असेल किंवा इंजिनाचं काहीतरी दुखत असेल. अण्णा म्हणायचे, गाडीला बोलता येत नाही, म्हणून तिची वही ठेवायची.

मी गाडी शिकले अठरा पूर्ण झाल्यावर, २००४ साली, शिकाऊ लायसन काढून. "अठरा" हा शब्द मी मुद्दाम मोठ्यानं लिहिते आहे. कारण आता गावोगावी आठवी-नववीतली पोरं गाडीची किल्ली मागतात, आणि काही घरांत ती मिळतेही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायदा असा आहे, की अठरा वर्षांखालच्या मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते. पालकहो, हे वाक्य तुमच्यासाठी.

तर माझं शिकणं. धरणाकडच्या मोकळ्या रस्त्यावर सकाळी सहाला. थंडीत गाडी लवकर सुरू व्हायची नाही, तेव्हा चोकची खुंटी ओढायची. त्यानं काय होतं? गारठ्यात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. चोक ओढला की इंजिनात जाणारी हवा कमी होते आणि पेट्रोलचं प्रमाण वाढतं, मग ठिणगी धरते. हल्लीच्या गाड्यांत ही खुंटी नाही, ते काम संगणक परस्पर करतो. बॅटरी उतरली तर धक्का! मी आत बसायची, गल्लीतली मंडळी मागून ढकलायची. किल्ली फिरवून ठेवायची, क्लच दाबून दुसरा गिअर टाकायचा, गाडीनं वेग धरला की क्लच सोडायचा. चाकं इंजिनाला फिरवतात आणि इंजिन खडबडून जागं होतं. बायका ओट्यावर येऊन बघायच्या. मुलगी गाडी चालवते, हे तेव्हा आमच्याकडं बघण्यासारखंच होतं.

पण खरं शिकणं रात्रीचं. उसाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. ट्रॉलीत ऊस इतका भरतात, की मागचा दिवा असला तरी वाढ्यांखाली झाकला जातो. बैलगाडीला तर दिवा नसतोच. काळ्या रस्त्यावर काळोखात एक काळा ढीग! त्यात समोरून येणाऱ्याचा दिवा डोळ्यांवर पडला, की काही क्षण आपण आंधळेच.

अण्णांचा नियम होता, हंगामात रात्री ताशी चाळिसच्या वर जायचं नाही. मागचे हॉर्न वाजवोत, मला हसोत. का, ते त्यांनी मला खडूनं अंगणात मांडून दाखवलं होतं. ताशी ६० नं जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. समोरचं दिसून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरा, म्हणजे २५ मीटर तिथंच संपले. पुढं ब्रेक लागून थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी २० मीटर. एकूण ४५. आणि खाली झुकवलेल्या दिव्यात दिसतं किती? साधारण तीस-चाळीस मीटर. आता ४० च्या वेगानं तेच गणित करा. १७ आणि ९, झाले २६. दिसतं त्याच्या आत गाडी थांबते! बस, एवढंच कारण.

२००६ च्या जानेवारीत रात्री अकराला शेजारच्या मावशींनी दार वाजवलं. "मास्तर, गाडी काढता का ओ? सुनंचं पोट दुखायलंय." १०८ नंबरची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ ला सुरू झाली, त्याआधी गल्लीत ज्याच्याकडं गाडी, त्याचं दार वाजायचं. गावातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. अण्णा गाडी चालवत होते, मी शेजारी. मागं मावशी आणि वहिनी. मावशी सारख्या म्हणत होत्या, "मास्तर, जरा जोरात घ्या ना." अण्णा काही बोलत नव्हते. काटा चाळिसावर.

तेलगावच्या अलीकडं समोर एक लालसर ठिपका हलताना दिसला. अण्णांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा समोर रस्त्याच्या मधोमध उसानं भरलेली बैलगाडी तिरकी पडली होती. एका बाजूचं चाक निखळलेलं. एक बाई आणि एक माणूस ऊस उतरवत होते. आणि आमच्या बाजूला, त्या ढिगाच्या बऱ्याच पुढं येऊन, एक पोरगा उभा होता. नऊ-दहा वर्षांचा. हातात बॅटरी आणि तिच्यावर लाल कापड गुंडाळलेलं. त्याला कुणी सांगितलं असेल, की त्याचं त्यालाच सुचलं असेल?

त्यानं आम्हाला कडेनं वाट दाखवली. अण्णांनी काच खाली करून विचारलं, "कितवीला रे?"

"चौथीला," तो म्हणाला. "दिवाळीपर्यंत."

मागं वहिनी कण्हत होत्या, थांबायला वेळ नव्हता. मी वळून पाहिलं तेव्हा तो पुन्हा आपल्या जागी जाऊन उभा राहिला होता, पुढच्या गाडीसाठी.

पहाटे वहिनींना मुलगी झाली. ती आता कॉलेजात जाते. येताना गाडी मी चालवली. त्या जागी बैलगाडी नव्हती, पण आडोशाला मांडलेले दगड रस्त्यातच राहिले होते. आपल्याकडं गाडी बंद पडली की दगड लावतात आणि निघताना तसेच सोडून जातात. रात्री त्या दगडांवर मोटारसायकल गेली तर? अण्णांनी उतरून एकेक दगड कडेला टाकला. मग गावात शिरताना त्यांनी मला एका रेडियमच्या दुकानासमोर थांबायला लावलं.

रेडियम म्हणजे खरं रेडियम नव्हे बरं का! मेरी आणि पिअर क्युरी यांनी १८९८ मध्ये शोधलेलं रेडियम वेगळं. त्याच्यातून सतत किरण बाहेर पडतात आणि तो रंग लावलेल्या घड्याळाच्या तबकड्या अंधारात चमकायच्या, म्हणून चमकणाऱ्या प्रत्येक गोष्टीला आपल्याकडं रेडियम म्हणायची सवय लागली. दुकानातल्या लाल पट्टीला स्वतःचा उजेड नसतो. तिच्यात बारीक काचमणी किंवा पैलू असतात; ते आपल्या दिव्याचा उजेड जिथून आला तिकडंच परत पाठवतात. म्हणून ती दिवा लावलेल्या ड्रायव्हरला लांबून झळकते. आणि दिवा न लावणाऱ्याला ती दिसत नाही, हेही आलंच.

त्या हंगामापासून आमच्या डिकीत लाल पट्टीचा रोल, कात्री आणि एक फडकं असतं. फडकं फार महत्त्वाचं, कारण धुळीवर पट्टी धरत नाही. चहाच्या हॉटेलसमोर उसाच्या गाड्या थांबल्या की अण्णा उतरतात. "याचे किती?" असं गाडीवान विचारतात. काही नाही म्हटलं तर संशयानं बघतात! एकानं तर हात धरून ठेवला, "आमाला नगं तुमची योजना." त्याच्या गाडीला पट्टी लागली नाही ती नाहीच.

आता माझी मुलगी आठवीत आहे. मागच्या वर्षी एकदा तिनं मला सांगितलं, "आई, शाळेसमोर नको. कोपऱ्यावर सोड." शाळेसमोर उंच उंच गाड्या उभ्या असतात आणि त्यांत आमची आठशे म्हणजे म्हशींच्या कळपात शेळी. मी कोपऱ्यावर सोडलं. तेराव्या वर्षी असं वाटतं, वाटू दे.

पण नंतर तिनं जो प्रश्न विचारला, तो मात्र मला टाळता आला नाही. "हिला एअरबॅग आहे का?" नाही. आमच्या गाडीला एअरबॅग नाही, मागच्या सीटला पट्टे नव्हते. पत्रा पातळ. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतातल्या काही छोट्या गाड्यांच्या धडक-चाचण्यांचे निकाल जाहीर केले, तेव्हा आठशेपेक्षा नव्या असलेल्या अल्टो ८०० च्या एअरबॅग नसलेल्या गाडीला शून्य तारे मिळाले होते. मग आमची काय कथा! चाळीसचा नियम आपल्या हातात असतो. समोरून ऐंशीनं येणाऱ्याचा वेग आपल्या हातात नसतो. म्हणून आम्ही घरात ठरवलं, मुलांना घेऊन आठशे हमरस्त्यावर न्यायची नाही. बीडला, परभणीला जायचं तर एसटी. आठशे फक्त गावात, बाजाराला, दळणाला, शेतावर. अण्णांना हे पटायला दोन महिने लागले. मावशी तर अजून म्हणतात, "आमची नात याच गाडीनं आली की!" त्यांचंही खोटं नाही.

आणि २०२७ मध्ये तिच्या नोंदणीची मुदत संपते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवायची. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या या नूतनीकरणाचं शुल्क २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झालं, आणि वीस वर्षांवरच्या मोटारीचं २०२५ मध्ये १०,०००. शिवाय विमा, टायर, गंजलेला पत्रा. मुलीनं अण्णांच्या वहीतच दोन रकाने आखलेत, "ठेवायची" आणि "मोडीत द्यायची". दुसऱ्या रकान्यात आकडेच आकडे. पहिल्या रकान्यात तिनं लिहिलं, "रेडियमचा रोल घेऊन जाता येतो."

अण्णांनी चष्मा लावून वाचलं, पेन मागितलं आणि ती ओळ खोडली. "रोल सायकलवरही नेता येतो," ते म्हणाले. "दुसरं काहीतरी लिही."

ती अजून विचार करते आहे.